भिंत असलेली पेशी

एकदा एक वृद्ध डॉक्टर गुळाच्या पेठेच्या एका गावात राहत होते. ते नाडी पाहत नसत, औषध देत नसत, सुईही टोचत नसत. इतर डॉक्टरांनी पाठवलेले रक्त, थुंकी, गाठीतले पाणी काचेच्या पट्टीवर पसरायचे, त्याला रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि त्यात काय आहे ते लिहून द्यायचे, एवढेच त्यांचे काम. चाळीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात हाच विषय शिकवून ते गावी परतले होते. गाव त्यांना काचवाले डॉक्टर म्हणत असे. माणसाच्या तोंडाकडे न पाहता त्याचे पुढचे सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती झाली होती, आणि ही ख्याती त्यांना मुळीच आवडत नसे.

त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. परीक्षेत पहिली आलेली, वाचनात पक्की, नजरेला तीक्ष्ण. हुशार माणसांची एक अडचण असते. त्यांना थांबण्याची सवय नसते, कारण थांबावे लागेल अशी वेळच त्यांच्यावर कधी आलेली नसते. सहा महिने झाले तरी काच रंगवणे आणि पाहणे एवढेच तिच्या वाट्याला होते. अहवालावरची सही मात्र गुरूंची. हे तिला मनातून बोचत असे. तोंडाने ती काही बोलत नसे, पण अहवाल त्यांच्यापुढे सरकवताना तिचा हात जरा जास्तच वेगाने चाले.

याच गावात गुळाचा एक व्यापारी होता. पन्नाशी उलटलेला, स्वतःचे गुऱ्हाळ असलेला, दिवसभर रस उकळणाऱ्या काहिलीच्या वाफेत आणि तिच्याखालच्या चुलाणाच्या धुरात वावरणारा. दोन महिने त्याचा खोकला हटेना. त्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, त्यात काही दिसले नाही. तरी मनाची खात्री असावी म्हणून त्यांनी थुंकी तपासायला चिठ्ठी दिली.

थुंकी द्यायची ती सकाळी, उपाशीपोटी, चूळ भरून, खोल खोकून काढलेली. व्यापारी डबी घेऊन आला तेव्हा शिष्येने नेमाप्रमाणे विचारले, "शेठ, काही खाल्लं-प्यालं नाही ना?"

"छे वो. चहाचा घोटसुदिक न्हाई घेतला," तो म्हणाला.

तो खरे तेच बोलत होता. तिने वहीत 'उपाशीपोटी' असे लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती सातलाच प्रयोगशाळेत आली. गुरू दहाला येत. तिने व्यापाऱ्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि नेहमीच्या पेशी पाहत पाहत पुढे सरकू लागली. तोंडाच्या अस्तराच्या मोठ्या, पातळ, पसरट पेशी, प्रत्येकीच्या मध्यावर केंद्रकाचा लहानसा ठिपका. श्वासनलिकेच्या उभट पेशी. थोड्या पांढऱ्या पेशी. आणि मग एका कोपऱ्यात पाच-सहा पेशींचा एक पुंजका असा आला, की तिचा हात सूक्ष्मदर्शकाच्या चाकावरच थांबला.

त्या पेशी या घरच्या वाटत नव्हत्या. कुणी कोनाकोनाची, कुणी लांबुळकी, एक तर चार ठिकाणी मुडपलेली. केंद्रक काळेकुट्ट. तेही मध्यावर नाही, एका कडेला सरकलेले. कर्करोगाच्या पेशीची पुस्तकातली लक्षणे तिला तोंडपाठ होती. वेडावाकडा आकार, गडद केंद्रक, बिघडलेली ठेवण. तिन्ही समोर हजर होती.

तिला आनंद झाला. हे सांगायला बरे वाटत नाही, पण झाला. गुरूंच्या आधी, गुरूंशिवाय, तिने एकटीने काहीतरी मोठे शोधले होते. त्या काचेच्या मागे एक माणूस आहे हे तिला ठाऊक होते, पण त्या क्षणी तो तिला दिसत नव्हता. तिने सुवाच्य अक्षरांत अहवाल लिहून काढला आणि सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली.

साडेआठला व्यापारी स्वतःच दारात उभा राहिला. पेठेत निघाला होता, वाटेत डोकावला.

"झालं का वो डॉक्टरीणबाई?"

'अकराला या,' एवढे म्हटले असते तर पुरे होते. अहवालाची वेळ अकराचीच होती. पण मनात मोठी गोष्ट असली की ती तोंडाच्या आसपास घुटमळत राहते. ती म्हणाली, "अकराला या. आणि येताना घरातलं कुणीतरी मोठं माणूस बरोबर आणा."

आपल्याकडे या वाक्याचा एकच अर्थ होतो. बरी बातमी सांगायला घरातले मोठे माणूस कुणी बोलावत नाही. व्यापारी क्षणभर उंबऱ्यातच उभा राहिला. मग "बरं" म्हणाला, डोक्यावरची टोपी उगाच काढून परत घातली आणि निघाला. तो पेठेच्या दिशेने गेला नाही, आल्या वाटेने घरी गेला. तिने ते पाहिले, पण त्यावर विचार केला नाही.

दहाला गुरू आले. तिने अहवाल आणि पेन त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आधी अहवाल वाचला, मग काच पाहिली. बराच वेळ पाहिली. बारीक चाक पुढे फिरवले, मागे फिरवले, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. शेवटी त्यांनी डोळे वर केले.

"हे तू त्यांना सांगितलंस?"

"नाही सर. येताना घरातलं कुणी मोठं माणूस आणा, एवढंच म्हटलं."

"म्हणजे सांगितलंस," ते म्हणाले.

बाहेरच्या बाकावर व्यापारी येऊन बसला होता. अकराला अजून अवकाश होता, पण त्याला घरी बसवले नसावे. बरोबर त्याची आई होती. घरात तिच्याहून मोठे कुणी नव्हते. ऐंशीच्या घरातली, ताठ कण्याची, नऊवारी घट्ट नेसलेली. दोघांच्या मध्ये एक कापडी पिशवी होती. तिच्यातून धुतलेला सदरा, टॉवेल आणि पितळी तांब्याची कड दिसत होती. इथून थेट इस्पितळातच जायचे असे धरून ती दोघे आली होती.

गुरू उठून बाहेर गेले. शिष्येला खिडकीतून सगळे दिसत होते, ऐकू मात्र येत नव्हते. ते म्हातारीशेजारी बाकावर बसले आणि काहीतरी विचारू लागले. म्हातारी सविस्तर सांगत होती, अगदी हातवारे करून. मध्येच तिने उजव्या तळहाताची ओंजळ करून दाखवली. गुरूंनी मान डोलावली, आणखी काही विचारले, पुन्हा मान डोलावली. शिष्येला वाटले, धीर देत असावेत. मग अहवालावर सही करूनच का नाही गेले?

पण ते परत आत आले नाहीत. इमारतीला वळसा घालून मागच्या अंगणात गेले आणि थोड्या वेळाने आले ते हातात तुळशीची दोन पाने घेऊन.

"हे चाव," ते तिला म्हणाले.

"सर?"

"चाव म्हटलं ना. गिळू नकोस."

"सर, बाहेर माणूस बसलाय."

"म्हणूनच सांगतोय."

तिने पाने चावली. त्यांनी एक स्वच्छ बशी पुढे केली. "आता खोल खोकून यात थुंक."

तिच्या मनात त्या क्षणी काय आले ते सांगायला हरकत नाही. गावात काही लोक कुजबुजत असत, की काचवाल्या डॉक्टरांचे वय झाले. तिला पहिल्यांदा वाटले, की लोक खोटे बोलत नसावेत. एका माणसाच्या जिवावर बेतलेले आहे आणि हे तुळशीची पाने वाटत बसले आहेत! दुसरेही एक आले. माझे निदान यांना सोसत नाही. पण सहा महिन्यांची शिस्त आड आली. तिने मान खाली घातली आणि सांगितले ते केले.

गुरूंनी बशीतल्या थुंकीची काच स्वतः तयार केली. अल्कोहोलमध्ये बुडवली, रंगात बुडवली, धुतली, पुन्हा रंगात बुडवली. या सगळ्याला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात बाहेरून चार वेळा खोकला ऐकू आला. गुरूंनी काम थांबवले नाही. प्रत्येक खोकल्याला शिष्या मात्र दाराकडे पाहत राहिली.

काच वाळली. गुरूंनी तिच्यावर आणि व्यापाऱ्याच्या काचेवर, जिथे नंबर होता तिथे, कागदाची पट्टी चिकटवली. "तिकडे तोंड कर," म्हणाले. ती वळली. त्यांनी काचा खालीवर केल्या, एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, हवा तो भाग समोर आणला.

"ये. ही काच कुणाची?"

तिने पाहिले. कोनाकोनाच्या पेशी, काळे केंद्रक, कडेला सरकलेले. "शेठची."

त्यांनी काच बदलली. "आणि ही?"

तेच कोन, तेच केंद्रक. "हीसुद्धा शेठचीच. त्यांची दुसरी काच तुम्ही कधी केलीत, सर?"

गुरूंनी दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या. पहिल्या काचेवर तिच्या नावाचे आद्याक्षर होते.

एक क्षण, फक्त एकच क्षण, तिचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. बाकावरच्या माणसाला साडेआठपासून काय वाटत असेल, हे तिला कुणी सांगावे लागले नाही. मग तिची नजर बशीच्या कडेला चिकटलेल्या हिरव्या कणावर गेली.

"तुळस," ती म्हणाली.

"बस," गुरू म्हणाले. "पुन्हा बघ. या वेळी केंद्रक सोडून दे. कड बघ. बारीक चाक हळूहळू फिरव."

तिने फिरवले. पेशीची कड एकदम उजळली. एक रेघ चमकली, तिच्या आत दुसरी. चाक मागे नेले, रेघा विझल्या. पुढे आणले, पुन्हा उजळल्या. शेजारच्या तोंडाच्या पेशीवर तिने तेच करून पाहिले. तिथे काहीच उजळले नाही. पातळ पदराच्या काठासारखी ती कड जिथल्या तिथे विरून गेली.

"काय दिसतंय?"

"भिंत आहे, सर."

"आपल्या शरीरात कुठे भिंत असते का?"

हा प्रश्न तिला सातवीतही अचूक सोडवता आला असता.

गुरू सावकाश बोलू लागले. "तुझी चूक अज्ञानाची नाही. वनस्पतीची पेशी आणि प्राण्याची पेशी यांतला फरक शाळेतल्या मुलांना येतो. पण आपण तो झाडाचं पान पाहतानाच आठवतो, माणसाची थुंकी पाहताना नाही. एरवी ह्या दोघी सख्ख्या बहिणीच. दोघींना केंद्रक आहे, दोघींत पेशीद्रव्य आहे, दोघींभोवती नाजूक पटल आहे, दोघींच्या आत शक्ती निर्माण करणाऱ्या तंतुकणिका आहेत. तू जे जे पाहिलंस ते दोघींत असतंच. वनस्पतीच्या पेशीत पटलाच्या बाहेर आणखी एक ताठ भिंत असते, म्हणून तिला कोन असतात. मध्ये पाण्याची एक मोठी रिक्तिका असते, ती जागा अडवते, म्हणून केंद्रक बिचारं कडेला जातं. ते आजारी नसतं, त्याला तिथंच राहायचं असतं. आणि हे कडेचे मळकट हिरवे ठिपके बघ, ती हरितलवकं. ऊन पकडायची. शेठच्या छातीत ऊन पकडायला कोण बसणार आहे?"

ती हसली नाही. तेही हसले नाहीत.

"निरोगी पानाची निरोगी पेशी आहे ही. ती रोगी दिसली, कारण तू तिला माणसाची समजलीस. एकाच्या घरचा रीतसर संसार दुसऱ्याच्या घराच्या मापानं मोजला की बिघडलेलाच दिसणार. सारखेपणावरून ओळख ठरवायची नाही. जिथे ती वेगळी आहे, तिथे आधी बघायचं."

"पण सर," ती म्हणाली, "मी त्यांना विचारलं होतं. काही खाल्लं-प्यालं का म्हणून. ते नाही म्हणाले."

"खोटं नाही बोलले. मी त्यांच्या आईला विचारलं, काल झोपेतून उठल्यापासून काय काय झालं ते एकेक करून सांगा. पूजा झाल्यावर ती रोज त्यांच्या हातावर तीर्थ घालते आणि तुळशीचं पान ठेवते. चाळीस वर्षं झाली, खंड नाही. मग चूळ भरून त्यांनी थुंकी दिली. पण पानाचे तुकडे काय एका चुळीनं जातात? आता मला सांग, तीर्थाला कोण खाणं म्हणतं?"

शिष्येला स्वतःचे घर आठवले. तिच्या घरी कडक एकादशी असे. पाण्याचा थेंबही न घेणारी तिची आत्या तीर्थ आणि तुळस मात्र घेई, आणि त्याने उपास मोडतो असे कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. त्या आत्याला कुणी विचारले असते, तर तिनेही 'काही खाल्लं नाही' असेच सांगितले असते.

तिने अहवाल उचलला आणि फाडला. "काय सांगायचं त्यांना?"

"ते तू ठरव. तूच जा."

"नमुना नीट आला नव्हता, पुन्हा द्यावा लागेल, असं सांगते."

"सांग. तेही खरंच आहे," गुरू म्हणाले. "त्यांचा आजचा दिवस त्यानं निभावेल. मात्र सकाळपासून ते कशापायी मरत होते, ते त्यांना कधी कळणार नाही. आणि पुढच्या वेळी तू कुणाला काही सांगशील, तेव्हा ते खरं असलं तरी ऐकणाऱ्याला त्यात काहीतरी झाकलेलं आहे असंच वाटेल."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. गाव लहान होते. गुळाच्या पेठेत सकाळी बोललेले दुपारपर्यंत वेशीपार जाई. एका वाक्यात तिचा सहा महिन्यांचा आब जाणार होता, आणि दुसऱ्या वाक्यात सगळे झाकले जाणार होते. झाकणारे वाक्य तिच्या जिभेवर तयार होते. बाकावरची दोघे तिला पाहून उठून उभी राहिली. तिच्या आजीच्या वयाची बाई तिच्यासाठी उठून उभी राहिली, तेव्हा ते वाक्य तिच्या जिभेवरून गेले.

"बसा आजी. शेठ, बसा. सकाळी मी तुम्हाला घरातलं माणूस आणायला सांगितलं. मला तुमच्या थुंकीत कॅन्सर दिसला असं वाटलं होतं. ते चुकलं माझं. तो कॅन्सर नव्हता. तुळशीचं पान होतं. त्याचे तुकडे थुंकीत आले आणि मला ते ओळखता आले नाहीत."

म्हातारीनेच विचारले, "म्हंजी म्या हातावर ठिवल्याल्या पानानं माझ्या पोराला रोग दावला व्हय?" तिचा चेहरा भीतीने पार उतरला होता.

"नाही आजी. पान पानासारखंच दिसत होतं. पाहणारी मी चुकले. तुमच्या पानाचा काही दोष नाही."

म्हातारीने डोळ्याला पदर लावला. व्यापाऱ्याने मात्र शिष्येकडे रोखून पाहिले. तो रागावला होता आणि त्याला रागावण्याचा हक्क होता.

"अडीच तास झालं, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "या अडीच तासांत म्या काय काय करून आलोय, तुमास्नी ठावं न्हाई."

काय करून आला ते त्याने सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. विचारण्याचा हक्क तिला उरला नव्हता.

"आनी खोकला? त्येचं काय?"

"ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिने त्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच उच्चारले होते. "चांगलंही नाही आणि वाईटही नाही. तीन दिवस सकाळची थुंकी लागेल. अंघोळ, पूजा, तीर्थ सगळ्याच्या आधी, उठल्या उठल्या. मी स्वतः डबी घेऊन घरी येईन."

"आमच्यात पाचला उठत्यात," म्हातारी म्हणाली.

"पाचला येते."

ती तीन दिवस पाचला गेली. पहिल्या दिवशी व्यापाऱ्याने नुसती डबी हातात दिली. दुसऱ्या दिवशी म्हातारीने तिला ओट्यावर बसायला सांगितले. देवाच्या आधी थुंकायचे, हे म्हातारीच्या मनाला पटत नव्हते. पण तिने स्वतःच त्यावर तोड काढली होती. देवघराचे दार ती तेवढ्या वेळापुरते लोटून घेत असे. तिसऱ्या दिवशी तिघांनी चहा घेतला, अर्थात डबी भरून झाल्यावर. व्यापारी बोलला मात्र बेताचेच, आणि तिने त्याच्याकडून अधिक अपेक्षाही केली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने तिन्ही काचा एकत्र पाहायला घेतल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीने, एकही जागा न सोडता. प्रत्येक संशयास्पद पेशीपाशी ती थांबली, चाक फिरवले, कड पाहिली, मग केंद्रक पाहिले, मग शेजार पाहिला. तिन्ही काचांवर तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटत होती. गोल, मऊ, मोठ्या पेशी. त्यांचे केंद्रक शांत, साधे. पण पेशीद्रव्यात काळ्या कणांची दाटी.

तिने गुरूंना बोलावले. "या धुरकट पेशी कोणत्या, ते मला कळतंय, सर. पण माझ्या कळण्यावर आज माझा भरवसा नाही. तुम्ही बघा."

गुरूंनी पाहिले. त्यांनीही बराच वेळ घेतला.

"चुलाणाची काजळी," ते म्हणाले. "वीस-पंचवीस वर्षांचा धूर त्यांच्या छातीत उतरत आला, आणि फुप्फुसातल्या या भक्षक पेशींनी तो कण न् कण उचलला. कशा उचलतात ठाऊक आहे ना? कणाजवळ जातात, स्वतःला वाकवतात, त्याला सगळीकडून वेढतात आणि पोटात घेतात. तुळशीच्या पेशीला हे जमलं नसतं. तिला भिंत आहे. ती जागच्या जागी ताठ उभी राहील, ऊन पकडून स्वतःचं अन्न स्वतः करील, पण वाकून कुणाला पोटात घेणार नाही. आपल्या पेशीला भिंत नाही, म्हणून तिला हे काम जमतं. भिंत नसणं म्हणजे उणेपणा नाही आणि असणं म्हणजे आढ्यता नाही. जिचं जे काम, तशी तिची बांधणी."

शिष्येने पुन्हा डोळा लावला. तीन दिवसांपूर्वी तिने याच माणसाच्या काचेवर याच काजळीच्या पेशी नक्कीच पाहिल्या असणार. तिला त्या आठवत नव्हत्या. त्यांच्यात शोध लावण्यासारखे काही नव्हते, म्हणून तिची नजर त्यांना ओलांडून गेली होती.

अहवाल लिहायला तिला वेळ लागला. कर्कपेशी आढळल्या नाहीत. काजळीने भरलेल्या पेशी विपुल. धुरापासून दूर राहावे. महिनाभरात खोकला न गेल्यास पुन्हा तपासावे. तिने तो दोनदा वाचला आणि गुरूंपुढे ठेवला. या वेळी सरकवला नाही, नुसता ठेवला.

गुरूंनी सही केली. पेनाचे टोपण लावता लावता त्यांनी विचारले, "किती वेळ बघत होतीस?"

"सकाळपासून, सर. चार तास झाले असतील."

"आणि काय सापडलं?"

"काही नाही," ती म्हणाली.

हे म्हणताना तिला आनंद झाला होता, आणि या आनंदाची तिला लाज वाटली नाही. अहवाल घेऊन ती स्वतःच व्यापाऱ्याच्या घराकडे निघाली.